इन म्हणजे नाही, नाही

लिलाबाई आली ती फी घेऊनच आली. फी चालत होती.

टोपलीवरचं फडकं वाटेत कुठेतरी सुटलं होतं, आणि पौडमधल्या गौतमीताई ढमाल्यांच्या ऑफिसात नऊ-दहा खेकडे आपापल्या कामाला निघाले होते. एक टेबलाखाली गेला, एक कपाटामागे, आणि एक थेट वाल्मीकराव शेडग्यांच्या चपलेकडे वळला. वाल्मीकराव तहसील कचेरीच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेले, आता ताईंचे मदतनीस. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर बरंच काही आवक झालं होतं, पण स्वतःच्या पायांनी कधी काही आलं नव्हतं. त्यांनी पाय उचलून खुर्चीवर घेतले.

"पैसं न्हाईत ताई," लिलाबाई दारातच उकिडवी बसली. "हे हायेत. माज्या नवऱ्याला सोडवा."

"नाव?"

"कान्हू. वव्हाळ सरांना जाळलं म्हून आत घातलाय."

गौतमीताईंनी चष्मा पुसला. त्या वीस वर्षं पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांनी खाजगी तपासाची पाटी लावली. त्यांच्या मते धंदा बदललेलाच नव्हता. चुका आता कागदाऐवजी माणसांत शोधायच्या, एवढंच.

"त्याने केलं का?"

"त्यो म्हनतोय, व्हय, म्याच डबा ठिवला." लिलाबाईने पदर तोंडाला लावला. "ताई, त्यो मला चुलीतलं लाकूड बी मागं सारू देत न्हाई. हात भाजंल म्हनतोय. त्यो मानूस कुनाला जाळंल?"

वाल्मीकराव खिडकीबाहेर बघत राहिले. ओव्हाळ सर रविवारी गेले होते. आज मंगळवार. गेले दोन दिवस वाल्मीकराव जेवायला बसत होते आणि तसेच उठत होते.

विलास ओव्हाळ सर ताम्हिणीच्या रस्त्याला, निवृत्तीनंतर, दर रविवारी इंग्रजीचा वर्ग घेत. फुकट. इंग्रजी शब्द पाठ करायचे नाहीत, त्यांची मुळं शिकायची, असा त्यांचा हट्ट. म्हणून वर्गाचं नाव 'मुळाशी'. रंगाऱ्याने पाटीवर 'मुळशी' लिहिलं, सरांनी वरून एक काना घातला. तो काना आजही बाकीच्या अक्षरांपेक्षा निळा दिसे.

वर्गात सगळ्यात मोठा विद्यार्थी एकसष्ट वर्षांचा होता. रक्तदाब मोजायच्या मशीनबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपत्रक वाचून वाल्मीकरावांचा रक्तदाब वाढला होता, म्हणून ते शेवटच्या चटईवर येऊन बसले. तिथे त्यांना कळलं की स्टेशनरी दोन असतात, अक्षराचा एकच फरक. एक म्हणजे कागद-पेन्सिल, दुसरी म्हणजे जागची न हलणारी वस्तू. सरकारी नोकरीत त्यांना हा फरक कधी जाणवला नव्हता.

पहिल्या चटईवर सोनम बसे, लिलाबाईची मुलगी. अठरा वर्षांची. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसायची होती. गेल्याच बुधवारी ती आईबरोबर पौडच्या बाजारात आली होती आणि तिने वाल्मीकरावांना गाठलं होतं. "काका, मागच्या ऐतवारचा धडा बुडाला माझा. वही द्या ना, उतरवून घेते." वाल्मीकराव अडखळले. त्या रविवारचं त्यांच्या वहीत अर्धं पान होतं, आणि त्याच्या खाली डुलकी लागल्याची लेखी नोंद होती: पेनाची एक तिरकी रेघ. शिकणाऱ्या पोरीला ती दाखवायची कशी? "रविवारी देतो," ते म्हणाले होते. "नीट लिहून काढून देतो."

तो रविवार आला तो सरांची बातमी घेऊन.

"चला," गौतमीताई उठल्या. "आधी फौजदारांकडे. लिलाबाई, खेकडे गोळा करून घरी न्या."

"मंग फी?"

"काम झालं की बघू."

एक खेकडा मात्र कपाटामागून निघायला तयार झाला नाही.

*

फौजदार भला माणूस होता. केस मिटवायची त्याला घाई होती, आणि केससुद्धा मिटायला उत्सुक दिसत होती.

"सोपं आहे ताई. शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला वर्गाच्या खोलीत आग लागली. सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मंगळवारी झालेलं, डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याने आधीच दिसत नव्हतं. दमटपणा घालवायला शेगडी पेटवलेली. शेगडीला खेटून कोणीतरी डबा ठेवला, पत्र्यावर लावायच्या वॉटरप्रूफिंगच्या रसायनाचा. तापून झाकण उडालं, भडका झाला. गावकरी धावले तेव्हा कान्हू तिथंच होता. हात भाजलेले."

"सरांना बाहेर कोणी काढलं?"

"त्यानेच. पश्चात्ताप झाला असेल."

"असेल. पुरावा?"

फौजदाराने बोटांवर मोजायला घेतलं. "एक, कबुली. दोन, धमकी. आदल्या आठवड्यात दत्ताच्या धाब्यावर चारचौघांत कान्हू सरांना म्हणाला, धडा शिकवीन. दत्ताचा जबाब आहे. तीन, सरांचे शेवटचे शब्द. हवालदार उशाशी होता. ऐकलं तसं लिहिलंय."

त्याने कागद फिरवला. हवालदाराचं अक्षर गोल होतं. *इन म्हणजे नाही, नाही. माझा धडा राहिला.*

"इन म्हणजे आत," फौजदार म्हणाला. "आत कोणी नव्हतं, म्हणजे जो आला तो बाहेरून आला. आणि धडा तर आहेच. धमकीशी जुळतो."

वाल्मीकराव पुढे सरकले. "साहेब, हे वर्गातलं वाक्य आहे. इन म्हणजे नाही. करेक्ट म्हणजे बरोबर, इनकरेक्ट म्हणजे बरोबर नाही. व्हिजिबल दिसतं, इनव्हिजिबल दिसत नाही. सर आम्हाला घोकून घ्यायचे." सरांनी मरतानासुद्धा वर्ग घेतला, हे वाल्मीकरावांना सोसत नव्हतं.

गौतमीताई अजून कागदच बघत होत्या. "घोकताना 'नाही' किती वेळा म्हणायचात?"

"एकदाच."

"इथे दोन आहेत."

"धाप लागली असेल ताई," फौजदार म्हणाला. "भाजलेला माणूस व्याकरण बघून बोलतो होय?"

"इतर कोणी नाही बघणार," गौतमीताई म्हणाल्या.

*

वाल्मीकरावांची स्कूटर ताम्हिणीच्या रस्त्याला लागली. मागे गौतमीताई छत्री मिटून बसल्या होत्या, कारण उघडी छत्री आणि स्कूटर यांचं एकमेकांशी पटत नाही हे त्यांना एकदा कोलाडच्या बाजूला उतरताना समजलं होतं.

दत्ताचा धाबा वाटेतच होता. दत्ता भजी तळत होता. जबाबाचं नाव काढताच त्याचा झारा थांबला.

"म्या कुटं काय खोटं सांगितलं? कान्हू म्हनला, धडा शिकवू... आसंच कायतरी."

"असंच काहीतरी, की असंच?" गौतमीताई बाकावर बसल्या. "तो आला, कुठे उभा राहिला, पहिलं काय म्हणाला? सावकाश सांगा. भजी करपू देत."

दत्ताने डोळे मिटले. "सर हितं चा पीत व्हतं. कान्हू आला. म्हनला, सर, या ऐतवारी पोरीला धडा शिकवू नका, आवनी हाय, भात लावायचाय, तिला संगं न्यायचीय. सर म्हनलं, एक दिस सोड की तिला. तर ह्यो तापला. तुमच्या इंग्रजीनं भात लागत न्हाई म्हनला. अन् गेला."

"म्हणजे 'शिकवू नका' म्हणाला."

"व्हय."

"मग जबाबातला 'नका' कुठे गेला?"

दत्ता ओशाळला. "फौजदार साह्येब भराभरा लिवत व्हतं. मला वाटलं, राह्यलं तर राह्यलं. येक तर शबूद."

गौतमीताईंचा हा चेहरा वाल्मीकरावांना माहीत होता. वर्तमानपत्रात एखाद्या ओळीतला शब्द गळलेला सापडला की तो असा व्हायचा.

"मिरचीची भजी द्या दोघांना," त्या म्हणाल्या. "करपलेली नकोत."

*

वर्गाची खोली सरांच्या घरामागे होती, वर पत्रा. आत काळं झालेलं पाणी साचलं होतं. वाल्मीकराव उंबऱ्यावरच थांबले. त्यांच्या चटईची जागा त्यांना दिसत होती आणि तिथे चटई नव्हती.

चटया दाराजवळच्या भिंतीला होत्या. सगळ्या, नीट गुंडाळून उभ्या. त्यांच्या शेजारी पुस्तकं, शब्दांच्या कार्डांचे पुठ्ठ्याचे खोके, सरांची गादी, हजेरीपट. खिडकीचा पडदासुद्धा काढून चौघडी घालून ठेवलेला. सगळं भिजलं होतं, जळलं काहीच नव्हतं.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला शेगडी. तिच्याभोवती पत्र्याची ट्रंक, लोखंडी स्टूल, पाण्याचा हंडा, पितळेची घंटा. आणि फाटलेला डबा.

"काय दिसतंय?" गौतमीताईंनी विचारलं.

"पसारा."

"पसारा नाही, वाल्मीकराव. इतकी आवरलेली खोली मी आजवर पाहिली नाही."

त्या डब्यापाशी वाकल्या. डब्यावर मशीनने छापलेली पट्टी होती, ठळक इंग्रजी अक्षरांची. तिची डावी बाजू जळून गेली होती. वाल्मीकरावांनी चष्मा सावरून उरलेलं वाचलं. "फ्ले-मे-बल. फ्लेम म्हणजे ज्वाळा. ज्वालाग्राही." सरांनी शिकवलेला शब्द सरांच्याच खोलीत वाचता आला, याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. "म्हणजे ज्याला वाचता येतं त्याने हा इथे ठेवला नसणार. कान्हूला वाचता येत नाही."

"'एफ'च्या डावीकडे, जळलेल्या कडेला, काय आहे?"

"काहीतरी काडी उभी आहे. काजळी असेल."

"काजळी इतकी सरळ नसते." त्यांनी हजेरीपट उचलला, ओली पानं हलक्या हाताने सोडवली. सरांनी प्रत्येक रविवारासमोर धडा लिहिला होता. एका रविवारी 'धडा चौदा, पूर्वार्ध'. पुढच्या रविवारी 'धडा चौदा, उत्तरार्ध'. सोनमच्या नावापुढे वर्षभर 'ह', 'ह', 'ह'. एकच 'गै', उत्तरार्धाच्या दिवशी.

"तुम्ही त्या दिवशी 'ह' आहात," गौतमीताई म्हणाल्या. "काय शिकवलं सरांनी?"

वाल्मीकराव छपराकडे बघू लागले. "तसा मी हजर होतो."

गौतमीताईंनी हजेरीपट मिटला आणि पुढे विचारलं नाही. त्या हे मुद्दाम करत, आणि ते फार लागे.

*

वाडी चढावर होती. सोनम अंगणात नाचणीचं पीठ चाळत होती. डोळे सुजले होते, पण कोणी आल्यावर ती उठली, पाणी दिलं, आईला हाक मारली, मग बसली.

"शुक्रवारी तू सरांकडे गेली होतीस?"

"रोजच जात होते. सरांच्या डोळ्याला पट्टी ना. पेपर वाचून दाखवायचा, औषधावरची नावं वाचायची." ती जरा थांबली. "सर म्हणाले, सोनम, आज फार गारठलंय, शेगडी पेटव. पण मला दिसत नाही, तेव्हा जळणारं सगळं लांब ठेव. म्हणून मी एकेक वस्तू बघितली. चटया, पुस्तकं, पडदा पण काढला. शेगडीपाशी पेटंल असं काय म्हणजे काय ठेवलं न्हाई."

"नक्की?"

"सरांची शपथ." मग तिचा आवाज फुटला. "लोक म्हणतात, बाने डबा ठेवला. आमच्या घरात राकेलचा थेंब न्हाई, ताई. डबा आणला कुठनं त्याने?"

वाल्मीकरावांनी तोंड उघडलं. राकेलचा नव्हे, पोरी, तो दुसरा डबा, असं ते सांगणार एवढ्यात गौतमीताईंचा पाय त्यांच्या पायावर पडला. जोरात.

"बा तुला घ्यायला आला होता?"

"साडेतीनला आला. दारात उभा राहून बघत होता, मी आवरत होते ते. मग आमी दोघं निघालो. निम्म्या वाटेत म्हणाला, तू हो पुढं, मी सरांना भेटून येतो. त्या दिवशी लई बोललो त्यांना."

गौतमीताई उठल्या. जाताना त्यांनी सोनमच्या डोक्यावर हात ठेवला, आणि वाल्मीकरावांना नवल वाटलं. संशयितांच्या डोक्यावर त्या सहसा हात ठेवत नसत.

स्कूटरपाशी येताच ते म्हणाले, "झालं की मग. पोरगी निघाली तेव्हा शेगडीपाशी पेटणारं काही नव्हतं. नंतर गेला फक्त कान्हू. म्हणजे डबा त्यानेच ठेवला."

"बरोबर आहे तुमचं," गौतमीताई म्हणाल्या, "फक्त एका शब्दापुरतं चुकतंय."

*

सरांकडे असा डबा आला कुठून, हे विचारत गेल्यावर सिद्धांत माणच्या आयटी पार्कात भेटला. सरांचा जुना विद्यार्थी, आता एका कंपनीत इमारतीची देखभाल बघे. भाताच्या खाचरांवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीखाली तो गळ्यात ओळखपत्र घालून उभा होता, आणि त्याला नीट उभं राहता येत नव्हतं.

"डबा मीच दिला, मॅडम. शुक्रवारी सकाळी. सरांच्या पत्र्याला गळती होती. आमच्याकडे कोटिंग उरलं होतं, छोट्या डब्यात ओतून नेलं. रविवारी येऊन मीच लावणार होतो."

"सरांना सांगितलंत, हे पेटतं म्हणून?"

"सर झोपले होते. कोपऱ्यात ठेवून आलो. पण मोठ्या अक्षरात लिहिलं होतं ना. आमच्याकडे रूल आहे, ओतलेल्या डब्यावर मशीनची पट्टी लावायचीच. पेट घेतं असं स्पष्ट लिहिलं होतं."

"इंग्रजीत."

"आमच्याकडे सगळं इंग्रजीतच असतं." त्याने डोळे पुसले. "आणि तिथं सोनम येते हे मला माहीत होतं. म्हटलं, ती वाचेल. तिच्याइतकं कोणाला येतं?"

"पट्टी छापताना शब्द मधोमध येतो का?"

"ऑटोमॅटिक. दोन्हीकडे सारखी जागा सुटते."

गौतमीताईंनी मान हलवली. परतीच्या वाटेवर कासारसाईचा फाटा मागे पडला. मग त्या म्हणाल्या, "वाल्मीकराव, मला ही केस सुटायला नको होती."

*

बुधवारी सकाळी फौजदाराच्या खोलीत पाच माणसं होती. फौजदार, कान्हू, लिलाबाई, आणि हे दोघं. कान्हूचे दोन्ही भाजलेले हात कोपरापर्यंत पट्ट्यांनी बांधलेले होते. सोनम बाहेरच्या बाकावर बसली होती; तिला बाहेरच बसवा, असं गौतमीताईंनी सांगितलं होतं.

"कान्हू," त्या म्हणाल्या, "डबा कुठे ठेवलास?"

"शेगडीच्या उजव्या अंगाला. टरंकंपाशी."

फौजदाराने कौतुकाने मान डोलावली. "बघा. जागासुद्धा बरोबर."

"का ठेवलास?"

"सरांना जाळाया."

"मग आधी पुस्तकं कशाला वाचवलीस?"

गौतमीताई फौजदाराकडे वळल्या.

"साहेब, त्या खोलीत वस्तूंच्या दोन राशी आहेत. दाराशी चटया, कागद, गादी, पडदा. जळणारं सगळं. शेगडीपाशी ट्रंक, स्टूल, हंडा, घंटा. न जळणारं सगळं. आणि त्यात हा डबा. आग लावायला आलेला माणूस अशी निवड करत बसत नाही. ही मांडणी आग लागू नये म्हणून केलेली आहे. ज्याने डबा तिथे ठेवला त्याची खात्री होती की तो जळत नाही."

"निरक्षर माणूस..."

"निरक्षर माणसाला खात्री नसते. तो हुंगून बघेल, विचारेल, निदान लांब ठेवेल. इंग्रजी पक्कं येणाराही लांब ठेवेल. ही चूक फक्त एकच माणूस करू शकतो, ज्याला इंग्रजी अर्धं येतं आणि त्या अर्ध्यावर पूर्ण विश्वास आहे."

त्यांनी कागदावर पट्टी काढून दाखवली. "उजवीकडे बोटभर मोकळी जागा आहे. शब्द मधोमध छापतात, म्हणजे डावीकडेही तेवढीच हवी. पण तिथे, 'एफ'ला लागूनच, एक उभी काडी आहे. 'एफ'च्या डावीकडे काडी येत नाही. ती 'एन'ची शेवटची काडी आहे. डब्यावरचा शब्द 'फ्लेमेबल' नव्हता. 'इनफ्लेमेबल' होता."

वाल्मीकराव हळूच म्हणाले, "इन म्हणजे नाही. म्हणजे... न जळणारं."

"असंच वाचलं सोनमने. व्हिजिबल, इनव्हिजिबल. करेक्ट, इनकरेक्ट. एकदम चोख. सरांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. फक्त इंग्रजीने ह्या एका ठिकाणी दगा दिलाय. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पेट घेणारं. इथला 'इन' नकाराचा नाही. सर हे शिकवणार होते, नव्हे, त्यांनी शिकवलं. धडा चौदा, उत्तरार्ध. त्या दिवशी ती आवणीला गेली होती. म्हणून ती मला शपथेवर म्हणाली, शेगडीपाशी पेटणारं काहीच ठेवलं नाही. ती खोटं बोलत नव्हती."

गौतमीताईंनी कागद फौजदारापुढे सरकवला.

"ह्या केसमध्ये सगळा घोळ नकारांचा आहे, साहेब. दत्ताच्या जबाबातला 'नका' गळला, त्याची धमकी झाली. डब्यावर नसलेला नकार तिने वाचला. आणि सरांच्या शेवटच्या वाक्यात तुम्हाला एक 'नाही' जास्तीचा वाटला. तो जास्तीचा नव्हता. इन म्हणजे 'नाही', असं नाही. सरांना दिसत नव्हतं, पण भडका झाल्यावर त्यांना सगळं कळलं होतं. डबा कोणी ठेवला, का ठेवला. नाव त्यांनी घेतलं नाही. माझा धडा राहिला, एवढंच म्हणाले. चूक स्वतःच्या नावावर टाकून गेले."

फौजदाराने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"आणि हा," गौतमीताई कान्हूकडे वळल्या, "दारात उभा राहून तिला डबा ठेवताना बघत होता. तुम्ही जेव्हा म्हणालात की डबा ठेवला तो खुनी, तेव्हा ह्याने मागचापुढचा विचार केला नाही."

कान्हू खाली बघत होता. "सरांना सांगाया गेल्तो," तो म्हणाला. "आवनी सपली, आता पोरगी ऐतवारी येईल. दार उघाडलं तर समदं पेटल्यालं." त्याने बांधलेले हात वर केले, जणू हात जोडतोय, पण ते जुळेनात. "साह्येब, मला राहू द्या आत. तिला सांगू नका. ऐतवारी आवनीला मीच न्हेली तिला."

लिलाबाई आवाज न करता रडत होती.

"अकस्मात मृत्यू," फौजदार पुटपुटला. कागद ओढला, पेन उघडलं, आणि पुन्हा मिटलं. "दोन दिवस लागतील सुटायला. तोवर जरा बाहेर जाऊन बसू दे त्याला. पोरीजवळ."

"तिला कोण सांगणार?" वाल्मीकरावांनी विचारलं.

"शोधून काढणं माझं काम," गौतमीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज प्रथमच थकलेला वाटला. "सांगणं मला कधीच जमलं नाही."

वाल्मीकराव उठले.

*

त्यांच्या पिशवीत वही होती. सकाळी निघताना का घेतली, ते त्यांना सांगता आलं नसतं. ते बाकावर सोनमशेजारी बसले आणि वही तिच्या मांडीवर ठेवली.

"बुधवारी मागितली होतीस. आज बुधवार. आठ दिवस उशीर झाला."

सोनमने पान काढलं. वाल्मीकरावांचं जावक विभागातलं देखणं अक्षर. *धडा चौदा, उत्तरार्ध. खोटा 'इन'. सगळीकडे 'नाही' नव्हे. इनव्हॅल्युएबल: अमूल्य. इनफ्ले.* तिथून पेनाची तिरकी रेघ पानाच्या तळापर्यंत घसरत गेली होती.

तिचं बोट रेघेवरून खाली गेलं. रेघेच्या टोकाला काही नव्हतं. बोट परत वर आलं, अर्ध्या शब्दाशी थांबलं.

ती हुशार होती. वाल्मीकरावांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की ती थोडी कमी हुशार असती तर बरं झालं असतं.

"मेबल," ती म्हणाली.

रस्त्याने एक एसटी गेली.

"मी झोपलो होतो, पोरी," वाल्मीकराव म्हणाले. "आणि झोपलो होतो हे तुला दिसू नये म्हणून वही दिली नाही. चूक माझी आहे."

ती हो म्हणाली नाही, आणि नाहीही म्हणाली नाही. तिने त्यांच्या खिशातलं पेन काढलं. अर्ध्या शब्दापुढे उरलेली अक्षरं लिहिली. त्याच्यासमोर, सर लिहायला लावत तसा, अर्थ लिहिला: *जळणारं.* अक्षर ओळीवरच राहिलं.

"सर शेवटी काय म्हणाले?"

वाल्मीकरावांनी दोन्ही वाक्यं सांगितली. जशीच्या तशी, एकही 'नाही' न गाळता.

"राहिला न्हाई," सोनम म्हणाली. "सांगितला की त्यांनी धडा."

मग तिने वहीवर डोकं टेकलं.

दारातून कान्हू आला. तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने बांधलेले हात पुढे केले. धरायला त्यांत एकही बोट मोकळं नव्हतं. सोनमने वर न बघता चाचपडत हात वर नेला आणि बापाचं कोपर घट्ट धरलं.